कुळागराचे पाणी : बचत आणि वाटणी



देवस्थानच्या उत्सवप्रसंगी शेतीच्या पाण्यासारखा व्यावहारिक विषय व्याख्यानासाठी का निवडावा, असा प्रश्न काहींच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु अंत्रुज महालातील जुन्या देवालयांच्या परिसराकडे नुसती दृष्टी टाकली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळते. डोंगराच्या पायथ्याशी देवालय, देवालयाच्या शेजारी तळी, तळीस पाणी पुरविणारी झर आणि त्याच झरीच्या पाण्यावर पोसलेली पोफळी-माडांची कुळागरे, अशी ही रचना ठिकठिकाणी आढळते. नैवेद्याचा नारळ, विड्याची सुपारी, पूजेची केळी हे सारे ज्या पाण्यावर शतकानुशतके पिकत आले, ते पाणी आज कमी होऊ लागले आहे. म्हणून हा विषय देवस्थानास परका नाही. किंबहुना महाजन कुटुंबांनी तो आपल्या घरचा विषय मानावा इतका तो निकटचा आहे.

या विषयाचे दोन भाग पडतात. थोड्या पाण्यात बाग कशी जगवावी, हा पहिला भाग. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी बऱ्याच अंशी दिलेले आहे. जे पाणी वाचेल ते कोणाचे, हा दुसरा भाग. त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. ते एकाच झरीवर अवलंबून असणाऱ्या माणसांनी एकत्र बसूनच द्यावे लागते. पहिल्या प्रश्नाची चर्चा सर्वत्र होते, दुसऱ्याची क्वचितच होते. परंतु दुसऱ्याचे उत्तर हाती नसेल, तर पहिल्याचे उत्तर पुष्कळदा निरुपयोगी ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम झर म्हणजे काय हे समजून घेणे इष्ट होय. गोमंतकात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. या भूमीचे डोंगर जांभ्या दगडाचे, म्हणजे चिऱ्याच्या खडकाचे आहेत. हा खडक सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी तो त्वरेने पितो, आणि डोंगराच्या उतारावर जेथे खालचा घट्ट थर उघडा पडतो तेथे ते पाणी झरीच्या रूपाने बाहेर सोडतो. मात्र हा खडक जितक्या लवकर भरतो तितक्याच लवकर रिकामाही होतो. दिवाळीच्या सुमारास जोमाने वाहणारी झर शिमग्यापर्यंत क्षीण होते आणि वैशाखात तिची धार बोटाएवढी उरते. एवढा प्रचंड पाऊस पडूनही या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ का लागते, याचे कारण हेच आहे. येथे उणीव आहे ती साठवणीची.

आपल्या पूर्वजांना हे पूर्णपणे ठाऊक होते. पावसाळा सरला की ओहळावर माती, दगड व पाला यांचा हंगामी बांध घालावा, झरीचे पाणी तळ्यात साठवावे आणि ठरलेल्या वेळी पाटाने बागेत सोडावे, अशी त्यांची पद्धत होती. कुळागराची लागवडही मोठ्या कुशलतेने केलेली असे. वर माड व पोफळ, पोफळीवर चढविलेली मिरी, मध्यम उंचीवर केळी, आणि खाली अननस, हळद, आले, सुरण. एकाच पाण्यावर अनेक पिके जगत आणि सावलीमुळे जमिनीतील ओल सहजी उडून जात नसे. आज ज्यास पाण्याचा काटकसरीने उपयोग म्हणतात, तो या बागांत पूर्वापार होत आला आहे.

मग आज नवीन काय घडले? तीन गोष्टी घडल्या. पहिली, पावसाचे वेळापत्रक बिघडले. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांसह केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील वाढत्या चढउतारांशी त्यांचा संबंध त्या अभ्यासाने जोडला आहे. गोमंतकानेही मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ पाहिले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये महापूर पाहिला. उलट ऑगस्ट २०२३ हा देशाच्या पातळीवर १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे २०२४ हे वर्ष त्याच नोंदींत देशातील सर्वाधिक उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले. धोधो पडलेला पाऊस उतारावरून वाहून समुद्रास मिळतो आणि खडकात त्या मानाने थोडाच मुरतो. उष्मा वाढला की झाडांची तहानही वाढते. अशा रीतीने बदलत्या हवामानाचा मार दोन्ही बाजूंनी बसतो.

दुसरी गोष्ट, झरीच्या माथ्यावरचा डोंगर पूर्वीसारखा राहिला नाही. जेथे रान होते तेथे डोंगरकापणी झाली, चिऱ्यांच्या खाणी निघाल्या आणि ठिकठिकाणी कूपनलिका खोदल्या गेल्या. तिसरी गोष्ट घरातलीच आहे. कुळागरांचे वाटे पडले. आजोबांच्या काळी ज्या बागेस एक झर व एक मालक होता, तेथे आज झर एकच असून वाटेकरी पाच-सात आहेत. त्यांपैकी काही मुंबईस, काही बेळगावास, काही परदेशी. पाणी वळविणारा अनुभवी मनुष्य दुर्मिळ झाला आणि पाटाची डागडुजी कोणी करावी, हा वाद झाला. हे केवळ गोमंतकात झाले असे नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर इतके उरले होते आणि शंभरांतील सुमारे ८६ शेतकरी दोन हेक्टरांच्या आतले, म्हणजे अल्प व अत्यल्प भूधारक होते. पाण्याचा विचार करावयाचा तो या लहान शेतकऱ्यास समोर ठेवूनच करावयास हवा.

आता थोडा हिशेब पाहू. कासरगोड येथील केंद्रीय रोपवण पीक संशोधन संस्थेने पोफळीच्या पाण्याविषयी शिफारशी केलेल्या आहेत. आळ्यात पाणी देण्याच्या पद्धतीत प्रत्येक झाडास एका पाळीस १७५ लिटर पाणी द्यावे. नोव्हेंबर-डिसेंबरात ही पाळी सात-आठ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी आणि मार्च ते मे या काळात तीन ते पाच दिवसांनी यावी. ठिबक पद्धतीने मात्र दररोज झाडामागे १६ ते २० लिटर पुरतात. उन्हाळ्यात चार दिवसांची पाळी धरली तर पहिल्या पद्धतीत दिवसाला सुमारे ४४ लिटर होतात, आणि दुसऱ्या पद्धतीत त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पोफळीची लागवड २.७ मीटर अंतरावर केली तर हेक्टरी सुमारे १,३७० झाडे बसतात, म्हणजे पाव हेक्टरच्या वाट्यात सुमारे ३४० झाडे. या पाव हेक्टरास आळ्याच्या पद्धतीने दिवसाला सरासरी १५,००० लिटर लागतील आणि ठिबकाने ६,८०० लिटर पुरतील. आता एखादी झर उन्हाळ्यात मिनिटाला १० लिटर पाणी देते असे धरू. ही धार दिसावयास अगदी बारीक असते, परंतु ती रात्रंदिवस वाहते. चोवीस तासांत तिचे १४,४०० लिटर होतात. आळ्याच्या पद्धतीने या पाण्यावर पाव हेक्टरही पुरता भिजत नाही. तेच पाणी रात्रीच्या वेळी टाकीत साठवून ठिबकाने दिले, तर पाव-पाव हेक्टरांचे दोन वाटे जगतात. दोन भावांच्या दोन बागा एका झरीवर उन्हाळा काढू शकतात की नाही, हे या हिशेबावर अवलंबून आहे.

थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना देवळात जाणाऱ्या माणसास समजावून सांगावी लागत नाही. शिवलिंगावर टांगलेल्या अभिषेकपात्रातून पडणारी बारीक धार सर्वांच्या परिचयाची आहे. शेतीतही मातीचे मडके रोपाच्या मुळाशी पुरून त्याच्या पाझरावर रोप जगविण्याची युक्ती फार प्राचीन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कृषिग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. आजच्या ठिबक पद्धतीचे श्रेय इस्रायलमधील जलअभियंता सिमखा ब्लास यांना दिले जाते. गळक्या नळाजवळचे एक झाड इतर झाडांपेक्षा जोमाने वाढल्याचे त्यांच्या पाहण्यात आले, आणि पुढे प्लॅस्टिकच्या नळ्या स्वस्त झाल्यावर १९६५ साली हत्झेरिम येथील सामुदायिक वसाहतीत या साधनांचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात ऊस, केळी व द्राक्षे यांच्या बागांतून ही पद्धत रूढ झाली. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस खर्चाच्या ५५ टक्के साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली, आणि राज्य सरकारे त्यात आपली भर घालू शकतात.

कुळागरात ही पद्धत आणताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट अनुकूल आहे. कुळागर उतारावर असते. टाकी बागेच्या वर दहा मीटर उंचीवर असेल, तर खाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा दाब आपोआप मिळतो. नेहमीच्या ठिबक संचास एवढा दाब पुरतो. वीजही नको आणि पंपही नको. याहून कमी उंचीवर चालणारे संचही मिळतात.

दुसरी गोष्ट प्रतिकूल आहे. जांभ्या भागातील पाण्यात पुष्कळदा लोह असते आणि उघड्या तळ्यात शेवाळ होते. या दोहोंमुळे ठिबकाची छिद्रे बुजतात. म्हणून गाळणी अत्यावश्यक आहे. ती नियमाने धुतली पाहिजे आणि नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ काढून टाकला पाहिजे. अनुदानातून बसविलेले संच पुढे निरुपयोगी होऊन बागेत पडून राहतात, त्याचे सर्वसाधारण कारण हे दुर्लक्षच असते. तिसरी गोष्ट, कुळागर म्हणजे निव्वळ पोफळीची बाग नव्हे. केवळ पोफळीच्या मुळाशी थेंब टाकला तर मधल्या जागेतील हळद, आले, अननस व केळी उपाशी राहतात. त्यांच्यासाठी वेगळ्या नळ्या किंवा बारीक तुषार देणारी साधने योजावी लागतात. ऊस वा द्राक्ष यांच्यासाठी आखलेला नकाशा येथे तसाच उतरविणे चुकीचे होय.

चौथी गोष्ट बिनखर्चाची आहे. झाडाच्या बुंध्याशी पातेरा व झावळ्या यांचे आच्छादन घालणे आणि माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे पुरणे, या जुन्या उपायांनी जमिनीतील ओल टिकते. ठिबक बसविण्यास ज्याची ऐपत नाही, त्याने निदान येथून तरी आरंभ करावा. मुळाशी दिलेले पाणी सूर्याने न्यावयाचे की झाडाने प्यावयाचे, याचा निकाल पुष्कळ अंशी या पातेऱ्यावर लागतो.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु ठिबक पद्धतीचे गुणगान करणारे बहुधा येथेच थांबतात, आणि अडचण तर येथूनच पुढे सुरू होते.

बागेत सोडलेले पाणी चार वाटांनी जाते. काही झाडाच्या पानांवाटे जाते. काही ओल्या जमिनीवरून उन्हाने उडून जाते. काही पृष्ठभागावरून वाहून जाते आणि काही जमिनीत खोल मुरते. ठिबकामुळे जमिनीवरून उडणारे पाणी कमी होते. ही खरी बचत होय, कारण ते पाणी कोणाच्याच उपयोगी पडत नव्हते. परंतु वाहून गेलेले व मुरलेले पाणी वाया गेले, असे सरसकट म्हणता येत नाही. वरच्या कुळागराच्या पाटातून पाझरलेले पाणी खालच्या कुळागराच्या विहिरीस मिळते. तेथून ओहळास, ओहळातून वायंगणी भाताच्या शेतास मिळते. वरच्या मालकाच्या दृष्टीने जी गळती, ती खालच्या मालकाच्या दृष्टीने झर असते. आता वरच्याने ठिबक बसविले आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी पाव हेक्टर नवी लागवड केली, तर त्याचे उत्पन्न वाढेल हे निश्चित. परंतु खालच्याची विहीर मार्चमध्येच तळ दाखवील. एकूण पाण्याची बचत झाली असे कागदावर दिसेल आणि प्रत्यक्षात ओहळ आटलेला असेल.

ही केवळ कल्पना नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या लेखात अनेक देशांतील अनुभव तपासून हाच निष्कर्ष काढण्यात आला. सिंचनाची कार्यक्षमता वाढविली, परंतु एकूण वापरावर मर्यादा घातली नाही, तर नदीत वा भूगर्भात पाणी क्वचितच शिल्लक राहते. वाचलेले पाणी नवी लागवड किंवा अधिक तहानेचे पीक गिळून टाकते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ज्याच्या हाती पाणी आले तो ते वापरणारच. दोष असतो तो वाटणीचा नियम नसण्याचा.

मग असा नियम करता येतो काय? मराठी मुलखातच त्याची उत्तम उदाहरणे आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर फड पद्धत नावाची व्यवस्था तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पिकांचा फेर आलटून-पालटून सर्व फडांतून फिरवावयाचा. पाण्याचे दार शेतकऱ्याने स्वतः उघडावयाचे नाही, ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. त्याच्या जोडीस जागल्या व हवालदार असत. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे पंच ठरवीत. त्यामुळे टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर विभागला जाई. या व्यवस्थेत ठिबक नव्हते, परंतु नियम होता, आणि त्या नियमाच्या आधारावर ती इतकी वर्षे टिकली.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे. १९७२ च्या दुष्काळाने व्यथित झालेले अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. पाणी पंचायतीचे नियम आजही मनन करण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनासही पाण्यात वाटा आहे. ऊस घ्यावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः सोसावयाचा. थोडे पाणी पुष्कळांस पुरविण्याचा हा मार्ग होता आणि त्याचा पाया माणसांच्या संमतीवर रचलेला होता.

तिसरे उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्याकडे गावाची धुरा आल्यानंतर गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे लावली आणि चराईबंदी पाळली. सिंचनासाठी कूपनलिका घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी यांसारखी पाणीखाऊ पिके लावावयाची नाहीत, असे ठरविले. पावसाळा संपल्यावर तेथे पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडला जातो. माणसे व गुरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूस काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरते.

या तिन्ही ठिकाणचा प्रदेश कमी पावसाचा आहे आणि गोमंतकाचे हवामान त्याहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथील पिकांचे नियम येथे लागू पडणार नाहीत. परंतु आधी मोजणे, मग वाटणे आणि त्यानंतर वापरणे, हा क्रम सर्वत्र लागू पडतो. आणि असा क्रम पाळण्याची सवय गोमंतकास नवीन नाही. गावाची सामाईक शेते, खाजनांचे बांध व मानशी यांचा कारभार गावकरी संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविला. त्या गावकऱ्यांच्या रूढींची नोंद अफोन्सो मेशिया यांच्या १५२६ सालच्या फोरालात सापडते. महाजन संस्थांचा कारभारही लेखी नियमांनी चालतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीची सर्वांस ओळख आहे. सेवेची पाळी कोणत्या घराण्याची, उत्सवाचा खर्च कोणी करावयाचा, हिशेब केव्हा मांडावयाचा, हे सारे ठरलेले असते. देवाच्या सेवेची जशी पाळी, तशीच पाण्याचीही पाळी असते. शब्द एकच आहे आणि दोहोंमागील तत्त्वही एकच आहे. वस्तू सर्वांची आहे, म्हणून उपभोग क्रमाने घ्यावयाचा.

यास्तव महाजन मंडळींनी विचारार्थ घ्यावयाच्या चार गोष्टी येथे मांडणे उचित होईल.

पहिली गोष्ट मोजणीची. देवस्थानच्या परिसरातील प्रत्येक झरीची धार डिसेंबर ते मे या काळात दर महिन्याच्या ठराविक दिवशी मोजावी. त्यास दहा लिटरांची कळशी व घड्याळ एवढेच साहित्य पुरते. कळशी भरण्यास किती सेकंद लागले, एवढे एका वहीत लिहावे आणि ती वही देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. अशी दहा वर्षांची वही तयार झाली, तर झर आटत आहे की नाही याविषयीचे वाद संपतील आणि शासनदरबारीही तिचे वजन पडेल. शाळेतील मुलांस हे काम सोपविले तर ती ते आनंदाने करतील.

दुसरी गोष्ट वाटणीची. एकाच झरीखालील सर्व कुटुंबांनी नळ्या अंथरण्यापूर्वी लेखी करार करावा. पहिला हक्क पिण्याच्या विहिरींचा व देवाच्या तळीचा. दुसरा हक्क उभ्या असलेल्या झाडांचा, मग ती वरच्या वाट्यातील असोत वा खालच्या. ओहळात काही धार वाहती राहिलीच पाहिजे, हे तिसरे. आणि एवढे सर्व भागल्यावर पाणी उरले तरच नवी लागवड. ज्याची झर त्याचे पाणी, असे वरच्या मालकाने म्हणणे कदाचित हक्कास धरून असेल. परंतु त्याची झर ज्या डोंगरातून येते तो डोंगर त्याचा एकट्याचा नसतो. जी कुटुंबे परगावी आहेत त्यांनी आपली पाण्याची पाळी कोरडी न ठेवता कसणाऱ्या शेजाऱ्यास लेखी संमतीने वापरू द्यावी. या बैठकीस कसणारी कुळे व बागेत प्रत्यक्ष पाणी वळविणारी माणसे यांनाही बोलवावे. पाटाचा स्वभाव त्यांच्याइतका कोणासच ठाऊक नसतो, आणि ज्यांच्या श्रमांवर बाग जगते त्यांच्या वाट्यास निदान पोरसापुरते पाणी येणे न्याय्य आहे.

तिसरी गोष्ट सामाईक साधनांची. प्रत्येकाने स्वतंत्र टाकी व स्वतंत्र गाळणी घेण्यापेक्षा एका झरीखाली एक टाकी, एक मोठी गाळणी आणि तिची निगा राखणारा एक पगारी मनुष्य ठेवावा. जुन्या पाटकऱ्याचे काम नव्या साधनांनिशी करणारा हा मनुष्य असेल. गावातील एखाद्या तरुणास हे शिक्षण दिले, तर त्यास गावातच काम मिळेल आणि अनुदानाचा संच दोन वर्षांत भंगारात जाणार नाही.

चौथी गोष्ट डोंगरमाथ्याची. ठिबकाने पाणी पुरवून-पुरवून वापरता येते, नवे पाणी निर्माण करता येत नाही. झर जगवावयाची तर तिच्या माथ्यावरचे रान राखले पाहिजे, योग्य जागी समपातळीचे चर काढून पाऊस मुरविला पाहिजे, आणि नव्या कूपनलिकेस २००२ च्या भूजल नियमन कायद्याप्रमाणे परवानगी आहे की नाही, हे गावाने डोळसपणे पाहिले पाहिजे. डोंगराचा तुकडा विकून येणारा पैसा एका पिढीत संपतो आणि त्याबरोबर खालची झर संपली तर ती परत आणता येत नाही. हा सौदा करताना खालच्या कुळागरांची किंमत कोणी हिशेबात धरीत नाही, हे दुर्दैव आहे.

या चारही गोष्टींत मोठ्या भांडवलाची आवश्यकता एका टाकीपुरती आहे. उरलेल्या सर्वांस लागते ती एकत्र बसण्याची तयारी. एकमेकांच्या वाट्यावरून अबोला धरलेली घरेही उत्सवाच्या दिवशी एकाच मंडपात येतात, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. त्याच मंडपात वर्षातून एकदा, पालखी परतल्यानंतर, झरीची वही उघडून वाचण्याचा परिपाठ पडला तर तो उत्सवास शोभणाराच ठरेल.

पुढील काळात पाऊस कसा पडेल, हे कोणाच्याही स्वाधीन नाही. परंतु पडलेला पाऊस डोंगरात किती मुरवावा, झरीची धार कशी वाटावी आणि वाचलेला थेंब कोणासाठी राखून ठेवावा, हे महाजनांच्या व गावकऱ्यांच्या स्वाधीन आहे. कुळागरे ज्यांनी लावली त्यांनी पोफळीचे रोप लावताना आपल्याच आयुष्याचा हिशेब केला नव्हता. वैशाखातील ती बोटाएवढी धार आजच्या पिढीने मोजून, वाटून आणि राखून पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, एवढीच अपेक्षा. श्रींच्या कृपेने ती सुबुद्धी सर्वांस लाभो.